पिंजऱ्यातल्या जिताड्याला काय घालावं? ट्रॅश, पेलेट की घरचं खाद्य?

नाखवा_देवगड
नमस्कार मंडळी. आमचा आठ जणांचा गट आहे, देवगड तालुक्यात खाडीत चार पिंजरे टाकलेत, प्रत्येकात ८०० जिताडा. पिल्लं हॅचरीची आहेत, आता साधारण ६० ग्रॅमची झालीत. आत्तापर्यंत बोटीवरचं ट्रॅश (बारीक तारली, मांदेली, काटेरी काय मिळेल ते) चिरून घालत होतो, किलोला ३२ रुपये पडतं. पेलेटची (कारखान्यातल्या खाद्याच्या गोळ्यांची) गोणी घेतली तर किलोला १३५. म्हणजे चारपट महाग!! गटातले निम्मे म्हणतात ट्रॅशच बरं, मासा मासाच खातो. दोघे म्हणतात लातूरहून सोयाची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) आणू, शेंगदाणा पेंड, थोडी सुकट घालू आणि घरीच खाद्य बनवू, कोंबडीचं बनवतात तसं. गोणीवर ४२ टक्के प्रोटीन लिहिलंय आणि डीओसीत तर ४६ टक्के असतं, मग डीओसीच का नाही घालायची असा त्यांचा सवाल. मला उत्तर देता आलं नाही. कोणी केलंय का? काय घालू?

खारेपाटकर
आमच्याकडे अलिबाग-पेणच्या खारेपाटात जिताडा तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पावसाळ्यात खाडीतनं बोटाएवढी पिल्लं पकडून तळ्यात सोडायची आणि तळ्यातलीच कोळंबी, बारीक मासळी खाऊन तो वाढतो. वेगळं खाद्य कोणी घातलं नाही कधी. पण तळ्यात चार-पाचशे मासे आणि जागा ही एवढी. तुमच्या पिंजऱ्यात ८०० पोरं कोंबलीत, त्यांना स्वतःचं स्वतः शोधायला मिळणार नाही, सगळं तुम्हीच भरवणार, त्यामुळे आमचा अनुभव तुम्हाला अर्धाच कामाचा.
एक मात्र सांगतो. वेळेवर पोट भरलं नाही तर जिताडा भावंडांना खातो. आकाराप्रमाणे वेगळे करत रहा.

हिशेबी
नाखवा, चारपट महाग हे चुकतंय. ट्रॅशमध्ये पाऊण भाग पाणी असतं. ३२ रुपयांत तुम्हाला २५० ग्रॅम सुका माल मिळतो आणि ७५० ग्रॅम खाडीचंच पाणी. चार किलो ट्रॅश घेतलं की एक किलो सुकं, म्हणजे १२८ रुपये. पेलेट १३५. फरक राहिला सात रुपये, आणि त्यात बर्फ, पेट्रोल, चिरायची मजुरी धरलेली नाही.

नाखवा_देवगड
हिशेबी भाऊ, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आज रात्री गटाला वाचून दाखवतो.

सुगरण_सावंतवाडी
जिताडा म्हणजे आमचा खजुरा ना? गोव्याचा चणक? धाग्याचं नाव वाचून मी रेसिपी समजून उघडला. तिरफळं घालून सांगणार होते.

मत्स्यपदवीधर
मी शिरगावला (रत्नागिरी) फिशरीज कॉलेजला होतो, नंतर सहा वर्षं खाद्याच्या कारखान्यात काम केलंय, त्यामुळे जरा लांबड लावतो, सांभाळून घ्या.

गोणीवरच्या प्रोटीनच्या आकड्यावरून घटक निवडू नका, सगळी गोची तिथेच होते. तो आकडा लॅबमध्ये प्रोटीन मोजून काढलेला नसतो, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणलेलं असतं. त्यात युरिया मिसळला तरी "प्रोटीन" वाढतं, आणि फिशमीलमध्ये (सुकवून दळलेल्या मासळीत) युरिया, वाळू, मीठ मिसळणारे आहेत, मी स्वतः ट्रक परत पाठवलेत. त्यामुळे ४६ आणि ४२ ची तुलना करून उपयोग नाही. त्या प्रोटीनमधली अमिनो आम्लं कोणती आणि माशाच्या आतड्यात त्यातलं पचतं किती, हे विचारायचं. सोयात मेथिओनिन फिशमीलच्या साधारण निम्मं, लायसिनही कमी. टॉरिन (अमिनो आम्लासारखंच एक द्रव्य) तर नाहीच. टॉरिनकडे सगळे दुर्लक्ष करतात, पण समुद्री मांसाहारी माशांना ते स्वतःला पुरेसं बनवता येत नाही. जपानमध्ये फिशमील कमी करून सोया वाढवलं तेव्हा यलोटेल आणि रेड सी ब्रीम ह्या माशांची लिव्हर हिरवी पडायला लागली, वाढ खुंटली. खाद्यात टॉरिन घातल्यावर सुधारलं.

दुसरं म्हणजे चरबी. गोड्या पाण्यातला रोहू-कटला वनस्पती तेलातून स्वतःला लागणारं ओमेगा-३ बऱ्यापैकी बनवतो. समुद्री माशाला ते जवळजवळ जमत नाही, त्याला ईपीए-डीएचए (मासळीच्या तेलातलं ओमेगा-३) तयारच द्यावं लागतं. सोयातेल किंवा शेंगदाणातेल कितीही ओता, ते येणार नाही. ते येतं फिश ऑइलमधून, फिशमीलमध्ये राहिलेल्या तेलातून, किंवा आता शेवाळाच्या तेलातून (महाग आहे).

तिसरं, तुमच्या गटातल्या दोघांना सांगा, कोंबडी दाणे टिपते आणि मका पचवते. जिताड्याला पिष्टमय पदार्थाचं विशेष काही करता येत नाही. पेलेटमध्ये गहू किंवा टॅपिओका असतो तो मुख्यतः पेलेट बांधायला आणि फुगवून तरंगवायला.

लातूरकर
आमच्या गावचं नाव निघालं म्हणून आलो. माझा मासळीशी संबंध फक्त ताटापुरता (आणि तोही कमीच) पण डीओसी मी बारा वर्षं विकतोय. सर म्हणतात ते खरं असेल, पण डीओसी-डीओसीतही फरक असतो हे सांगायला हवं. सोयाबीन नीट भाजलं-वाफवलं नाही तर त्यातलं ट्रिप्सिन अडवणारं द्रव्य राहतं, मग जनावराला प्रोटीन पचत नाही. जास्त भाजलं तर लायसिन जळतं. दोन्ही गोण्यांवर प्रोटीन ४६ च लिहिलेलं! पोल्ट्रीवाले म्हणून युरिएज टेस्ट मागतात, पीएच ०.०५ ते ०.२० एवढाच चढायला पाहिजे. त्याच्यावर चढला तर कच्चं, अजिबात चढला नाही तर करपलेलं असायची शक्यता. कोकणातला माणूस फोन करतो आणि फक्त भाव विचारतो, टेस्ट कोणीच विचारत नाही.

आणि भावाचं म्हणाल तर २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजार रुपये क्विंटलवर गेलं होतं, सरकारला १२ लाख टन पेंड बाहेरून आणायची परवानगी द्यावी लागली. म्हणजे सोया स्वस्तच राहील हे धरून चालू नका.

मत्स्यपदवीधर
लातूरकर, लाख बोललात. युरिएज रिपोर्ट मागा नाखवा.
शेंगदाणा पेंड मात्र नकोच. कोकणातल्या दमट हवेत पेंडीला बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं, ते डोळ्यांना दिसत नाही, वासालाही कळत नाही, माशाची लिव्हर जाते. सरकी पेंडीत गॉसिपॉल, तेही विषारीच. ह्या दोन्ही पेंडी, बुरशी नसेल तर, गाई-म्हशीच्या दावणीत ठीक आहेत.

कोळीण_वर्सोवा
माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगते. तुम्ही ज्याला ट्रॅश म्हणता त्या टोपलीत हात घालून बघा एकदा. मी लहानपणापासून बंदरावर बसलेय. त्यात बोटभर पापलेट असतं, बोटभर घोळ, सुरमईची पिल्लं, बोंबलाची पिल्लं. ती कचरा नाहीत, पुढच्या वर्षीची मासळी आहे. ती दोन वर्षं वाढली असती तर माझ्या पाटीत आली असती. एक किलो जिताडा वाढवायला सहा-सात किलो असली पिल्लं घालायची ह्याला मत्स्यशेती कशी म्हणायची मला कळत नाही.

नाखवा_देवगड
ताई, तुमचं पटतं, पण ती मासळी आम्ही पकडत नाही. ट्रॉलरवर आधीच मेलेली येते. आम्ही घेतली नाही तर फिशमीलवाला घेईल.

कोळीण_वर्सोवा
हेच सगळे म्हणतात दादा. पण पूर्वी ह्या मासळीला गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती बोटीवर आणायचा डिझेल-बर्फाचा खर्चच निघत नसे, म्हणून जाळ्याचे डोळे मोठे ठेवायचे. गिऱ्हाईक झालं, किलोला भाव आला, तेव्हापासून डोळे बारीक होत गेले. ३२ रुपये तुम्ही देता तेव्हा त्या बारीक डोळ्याच्या जाळ्याला देता. सरकारने २०२३ ला ५४ जातींना किमान आकार ठरवून दिलाय, ट्रॅशच्या ढिगात तो मोजायला कोण बसणार?

हिशेबी
ताईंना +१. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूपण मांडतो. पेलेटमध्ये फिशमील असतंच आणि एक किलो फिशमीलला साडेचार किलोच्या आसपास ओली मासळी लागते. ती याच किनाऱ्यावरची असते. गोणीत भरली म्हणून ती पिल्लं जिवंत होत नाहीत.

मत्स्यपदवीधर
बरोबर, पण प्रमाण बघा. पेलेटमध्ये समजा २५ टक्के फिशमील आहे आणि एक किलो मासा वाढवायला १.८ किलो पेलेट लागलं. म्हणजे ४५० ग्रॅम फिशमील, म्हणजे साधारण दोन किलो ओली मासळी. फिश ऑइलचा हिशेब वेगळा निघतो, तो इथे धरलेला नाही. ट्रॅशमध्ये तोच आकडा सहा-सात किलो. शून्य नाही होत, तिसऱ्या हिश्शावर येतो.
आणि फिशमील कशाचं हेही विचारता येतं. सुरिमीच्या कारखान्यात मासळीचा गर काढून डोकी, काटे, कातडी उरतात, त्याचं मील बनतं. त्यात राख जास्त, प्रोटीन कमी, पण कोणाची पिल्लं मारलेली नसतात.

चिंचोका
आमच्याकडे मांजराला घालतात ती डोकी.

फ्योर्डकाठी
नॉर्वेत बर्गनजवळ राहते, मूळची मालवणची, गेली नऊ वर्षं सॅमनच्या खाद्यावर काम करते. हा धागा बघून राहवलं नाही.

इथे १९९० मध्ये सॅमनच्या खाद्यात जवळपास ९० टक्के माल समुद्रातून यायचा. २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांच्या खाली आला, २०२० ला २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मांसाहारी मासा बहुतांशी शेतातला माल खाऊन वाढू शकतो हे सिद्ध झालंय. पण ते डीओसी आणून ढवळण्याने झालं नाही! साधी सोया पेंड घातली की सॅमनच्या आतड्याला सूज येते, सोयातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे. म्हणून इथे सोया प्रोटीन कॉन्संट्रेट वापरतात, ज्यातून साखर आणि बरीचशी त्रासदायक द्रव्यं धुऊन काढलेली असतात. गव्हाचं ग्लुटेन, फाबा बीन, मक्याचं ग्लुटेन, असं पाच-सहा घटकांत वाटून घेतात. एकाच घटकावर भार टाकला की त्याचा दोष माशात उतरतो, चार जणांत वाटला तर सोसतो.

आणि ह्याची किंमत पण मोजली. तेलात फिश ऑइलच्या जागी रेपसीड (मोहरीच्या जातीचं तेल) आलं. स्कॉटलंडच्या सॅमनमधलं ईपीए-डीएचए २००६ ते २०१५ ह्या काळात निम्म्यावर आलं. लोक ज्या ओमेगा-३ साठी सॅमन खातात तेच कमी झालं. त्यावर उपाय म्हणजे शेवटच्या दोन-तीन महिन्यांत फिश ऑइल जास्त असलेलं खाद्य द्यायचं, माशाच्या अंगात बरंचसं परत येतं. हे तुम्हालाही करता येईल नाखवादादा, विक्रीच्या आधीचे महिने.

सोयाचाही पर्यावरणाचा हिशेब आहे, इथला सोया बराचसा ब्राझीलचा, त्यावरून जंगलतोडीची भांडणं सतत चालू असतात. समुद्र वाचवताना जंगल गेलं असं व्हायला नको. तुमच्याकडे मराठवाड्याचा सोया आहे ही खरं तर जमेची बाजू.

माशीवाला_पुणे
काळी सैनिक माशी! तिच्या अळ्या! मी पुण्यात हॉटेलच्या ओल्या कचऱ्यावर वाढवतो. सुकवलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या वर प्रोटीन. युरोपने २०१७ पासून माशांच्या खाद्यात परवानगी दिलीय. सगळे प्रश्न सुटतात, ट्रॅश नको आणि सोयाही नको.

फ्योर्डकाठी
माशीवाला, मी अळीची चाहती आहे, पण सगळे प्रश्न सुटत नाहीत. अळीच्या कवचात कायटिन असतं, त्यातला नायट्रोजनही ६.२५ ने गुणला जातो, म्हणून प्रोटीन फुगून दिसतं. अळीसाठी ४.७६ ने गुणावं असं संशोधन सांगतं. म्हणजे तुमचे ४० खरे तीसच्या आसपास. आणि चरबीत लॉरिक आम्ल, नारळाच्या तेलासारखं, ईपीए-डीएचए जवळपास नाही. चरबी काढलेलं अळीचं मील थोड्या प्रमाणात मिसळायला उत्तम.

माशीवाला_पुणे
४.७६ चं माहीत नव्हतं, धन्यवाद ताई, आमच्या पत्रकात दुरुस्ती करावी लागेल. कचऱ्याचा प्रश्न मात्र सुटतो हे धरून ठेवतो.

मत्स्यपदवीधर
अजून एक पर्याय कोणी काढला नाही. ऑस्ट्रेलियातली बारामुंडी म्हणजे आपला जिताडाच, नाव वेगळं. तिथे खाद्यात कत्तलखान्याचं मीट मील आणि कोंबडीच्या उरलेल्या भागांचं मील बऱ्यापैकी वापरतात आणि मासा छान वाढतो. जिताडा ह्या बाबतीत सॅमनपेक्षा सोशिक आहे. आपल्याकडे पोल्ट्री एवढी वाढलीय, ते मील चांगल्या कारखान्यातलं मिळालं तर सोयापेक्षा मी ते आधी घेईन. ताजं हवं एवढीच अट. वास घ्या, खवट आला तर परत.

खारेपाटकर
कोंबडी खाल्लेला जिताडा? जावई आला की आमच्याकडे जिताडा करतात. त्याला हे सांगायचं का?

सुगरण_सावंतवाडी
जावयाला कशाला सांगताय, वाढा गरम गरम. पण खरंच विचारते, चवीत फरक पडतो का? मी गोव्यात पिंजऱ्यातला चणक घेतला होता, पोटात चरबीचा पिवळा थर होता आणि मांस जरा मऊ लागलं.

फ्योर्डकाठी
पडतो. पोटातला थर म्हणजे खाद्यात तेल जास्त किंवा खायला जास्त घातलं. विकायच्या आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, आतडं रिकामं होतं आणि मासा जास्त टिकतो. मांस घट्ट हवं तर पाण्याला प्रवाह असलेल्या जागी पिंजरा हवा, मासा पोहत राहतो.

मालवणी_गजाली
अरे गजाली खूप झाल्यो. नाखव्या, जिताडो खावक कधी बोलावतलंस ता आधी सांग, मगे आम्ही सांगतांव काय घालूचा ता.

नाखवा_देवगड
ये रे बाबा, होळीक ये.
मुद्द्यावर येतो, गटात पुन्हा बोलणं झालं. दोघांनी नवीन शंका काढली. गेल्या पंधरवड्यात एका पिंजऱ्यातली काही पोरं कलंडून पोहतायत, खात नाहीत. त्यात आम्ही सलग मांदेली आणि तारली घालत होतो. संबंध आहे का?

मत्स्यपदवीधर
असू शकतो!! तारली आणि मांदेलीच्या जातकुळीतल्या कच्च्या माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व फोडतं. सलग तेच घातलं की बी-१ ची कमतरता होते, मासा तोल जाऊन पोहतो, खाणं सोडतो. उकडलं की ते एन्झाइम मरतं. तात्पुरतं, उकडून घाला आणि वर बी-१ असलेलं व्हिटॅमिन मिश्रण चोळा. पण नोडाव्हायरसनेही असंच कलंडतात आणि तोही कच्च्या मासळीतून येऊ शकतो, त्यामुळे इथे विचारून थांबू नका, दोन-तीन पोरं जिवंत किंवा बर्फात लॅबला पाठवा. त्या पिंजऱ्याची जाळी-टोपली दुसऱ्या पिंजऱ्यात वापरू नका.

हिशेबी
आणि १ जून ते ३१ जुलै बंदीत ट्रॅश कुठून आणणार होता? ऐन वाढीचे दोन महिने.

नाखवा_देवगड
त्यावर सगळे गप्प झाले काल.

लातूरकर
घरी खाद्य करायचंच ठरलं तर गोळ्या पाण्यात विरघळणार नाहीत ना हे आधी बघा. आमच्या इथे एकाने तळ्यासाठी चक्कीवर केलेल्या, पाण्यात टाकल्या की दोन मिनिटांत पीठ. मासा राहिला उपाशी आणि पाणी हिरवं झालं.

मत्स्यपदवीधर
बरोबर, एक्स्ट्रुडरशिवाय (दाब आणि उष्णतेने गोळी फुगवणाऱ्या यंत्राशिवाय) तरंगती गोळी होत नाही. घरचं खाद्य म्हणजे लगदा, तो पिंजऱ्याच्या जाळीतून खाली जातो. आठ जणांच्या गटाने एक्स्ट्रुडरच्या भानगडीत पडू नये. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत, कोणती गोणी घ्यायची आणि ती कशी ठेवायची. विक्रेत्याला विचारा की फिशमील किती, कशाचं, फिश ऑइल घातलंय का, टॉरिन-मेथिओनिन वेगळं घातलंय का, कधी बनवलं. उत्तर देत नसेल तर दुसरा बघा. २०२३ ला पेरूने अँचोव्हीचा (मांदेलीच्या जातकुळीतली मासळी, तिचं फिशमील बनतं) पहिला हंगाम रद्द केला तेव्हा फिशमील जगभर कडाडलं, त्या वर्षी काही गोण्यांवर लेबल तेच राहिलं आणि आतला माल बदलला. आमच्याकडे शेतकरी येऊन सांगायचे की मासा पूर्वीसारखा तुटून पडत नाही. मासा आधी सांगतो, लेबल नंतर.
गोण्या जमिनीवर नको, लाकडी फळीवर, भिंतीपासून लांब. पावसाळ्यासाठी आधी साठा करू नका, महिन्याचा महिन्याला आणा.

नाखवा_देवगड (चार महिन्यांनंतर)
मंडळी, धागा वर काढतोय. त्यावेळी आम्ही दोन पिंजरे ट्रॅशवर ठेवले (उकडून, बी-१ लावून) आणि दोन पेलेटवर. ट्रॅशला सवकलेली पोरं पेलेटला तोंड लावेनात, मग कुटलेल्या मासळीत पेलेटचा भुगा मिसळून रोज थोडा थोडा वाढवला, बारा दिवसांत लागली. लॅबमध्ये व्हायरस नाही निघाला, देवाची कृपा.

आता ट्रॅशवाले सरासरी ३४० ग्रॅम, पेलेटवाले ३१०. पाहून गटातले ट्रॅशवाले खूश झाले. मग वही काढली. ट्रॅशला एफसीआर (एक किलो मासा वाढवायला लागलेलं किलो खाद्य) ६.८ आला, ३२ ने गुणून २१८ रुपये, वर बर्फ, पेट्रोल आणि उकडायचा गॅस किलोला २५. म्हणजे २४३. पेलेटला १.७५, म्हणजे २३६. आणि ट्रॅशमध्ये १०० तली ७१ पोरं राहिली, पेलेटमध्ये ८४. जाळी ट्रॅशच्या पिंजऱ्यांची दर आठ दिवसांनी घासावी लागली, दुसऱ्यांची पंधरा दिवसांनी.

आजपासून चारही पिंजरे पेलेटवर. विक्रेत्याला सगळे प्रश्न विचारले, पहिल्याने फोन ठेवला, दुसऱ्याने सांगितलं की त्याचं फिशमील सुरिमीच्या डोक्या-काट्यांचं आहे आणि वर कोंबडीचं मील. तोच घेतला.

वर्सोव्याच्या ताई, तुमची टोपलीची गोष्ट मी शेवटची टोपली घेताना करून बघितली. सात पापलेटं निघाली, माझ्या अंगठ्याएवढी.

कोळीण_वर्सोवा
सात आता तरी मोजलीस दादा.

मालवणी_गजाली
होळी होवन गेली नाखव्या.

नाखवा_देवगड
अजून ३१० ग्रॅमचोच आसा रे. गणपतीक ये.